झांग शियाओगांग यांच्या चित्रातली तांबडी रेघ

५ एप्रिल २०१४ रोजी हाँगकाँगमध्ये सदबीजच्या लिलावात चिनी चित्रकार झांग शियाओगांग यांचं १९९५ सालचं तैलचित्र ९ कोटी ४२ लाख हाँगकाँग डॉलरना विकलं गेलं. अमेरिकी चलनात सुमारे १ कोटी २१ लाख डॉलर. चित्राचं नाव ‘रक्ताचं नातं: मोठं कुटुंब क्र. ३’. बातम्यांमध्ये आकडा गाजला. चित्र मात्र आकड्यापेक्षा खूप जुन्या गोष्टीतून आलेलं आहे.

‘रक्ताचं नातं’ ही झांग यांची मालिका आहे. तिच्यातली चित्रं स्टुडिओत काढलेल्या कृष्णधवल फोटोसारखी दिसतात. आईवडील, सोबत एखादं मूल, गळ्यापर्यंत बटणं लावलेले कोट, समोर रोखलेली नजर. चेहरे इतके गुळगुळीत की त्यांवर सुरकुती नाही, रागलोभ नाही. मग डोळा ठरतो तो गालावरच्या उजेडाच्या ठिपक्यावर. जुन्या फोटोला डाग पडावा तसा तो ठिपका असतो. आणि एका माणसापासून दुसऱ्यापर्यंत केसाएवढी बारीक तांबडी रेघ जाते. समीक्षक याला अतिवास्तववादी, म्हणजे स्वप्नासारखं विचित्र, म्हणतात, आणि झांग यांच्यावर मॅग्रिट या बेल्जियन अतिवास्तववादी चित्रकाराचा प्रभाव आहेच. तरी मला वाटतं, यातली विचित्रता युरोपातून आणलेली नाही. ती चीनमधल्या फोटो स्टुडिओत आधीपासून होती.

अतिवास्तववाद चीनला अगदीच नवा नव्हता. १९३५च्या सुमारास ग्वांगझू आणि शांघायमधल्या तरुण चित्रकारांनी त्याचं स्वागत केलं होतं. १९३७मध्ये जपानशी युद्ध पेटलं आणि तो धागा तुटला. १९४९नंतर चित्रशाळांत सोव्हिएत पद्धतीचा समाजवादी वास्तववाद, म्हणजे कामगार-शेतकऱ्यांचा गौरव करणारी हुबेहूब चित्रं, आला. १९५५ ते १९५७ या काळात सोव्हिएत चित्रकार कॉन्स्तान्तिन माक्सिमोव्ह बीजिंगला तैलचित्रण शिकवायला होते, आणि त्या शिस्तीची छाप पुढे कितीतरी वर्षं राहिली.

झांग यांचा जन्म १९५८चा, युनान प्रांतातल्या कुनमिंगचा. जुनं सगळं मोडून काढणारी माओंची सांस्कृतिक क्रांती सुरू झाली तेव्हा ते आठ वर्षांचे होते. आईवडील सरकारी नोकरीत होते, त्यांना ‘सुधारण्यासाठी’ खेड्यात पाठवलं गेलं. त्या वर्षांत अनेक घरांनी जुने फोटो जाळले, नाहीतर दडवले. आजोबांचा चांगला पोशाख एवढंच निमित्त घरावर बालंट आणायला पुरेसं होतं.

१९७७मध्ये विद्यापीठांच्या प्रवेशपरीक्षा पुन्हा सुरू झाल्या आणि झांग चोंगचिंगच्या सिचुआन ललित कला संस्थेत दाखल झाले. १९८२मध्ये बाहेर पडले. तोवर पाश्चात्त्य चित्रांची पुस्तकं हाती यायला लागली होती. १९८४मध्ये दारूमुळे पोटात रक्तस्राव होऊन ते इस्पितळात पडले, आणि पांढऱ्या चादरींमधल्या त्या दिवसांतून भुताखेतांची चित्रं निघाली. पुढच्या वर्षापासून देशभर तरुण कलावंतांची नवी लाट उसळली. फेब्रुवारी १९८९मध्ये बीजिंगच्या राष्ट्रीय कलादालनात त्या लाटेचं मोठं प्रदर्शन भरलं. एका कलाकर्तीने स्वतःच्याच कलाकृतीवर गोळी झाडल्यावर पोलिसांनी ते तात्पुरतं बंद केलं. चार महिन्यांत थ्येनआनमन घडलं, बीजिंगच्या त्या चौकातलं आंदोलन लष्कराने चिरडलं. भाबड्या आशेचा तो काळ तिथेच संपला.

झांग १९९२मध्ये तीन महिने जर्मनीत राहिले आणि तिथल्या संग्रहालयांत त्यांनी पाश्चात्त्य चित्रकला मनसोक्त पाहिली. परतल्यावर त्यांना प्रश्न पडला, यात माझं काय आहे? उत्तर घरातच मिळालं. जुन्या फोटोंमध्ये आईचा तरुणपणीचा फोटो सापडला. ती बाई त्यांच्या ओळखीची नव्हती.

त्या फोटोत त्यांना रिटचिंग दिसलं. डाग पुसायचे, त्वचा सपाट करायची, गालांवर हाताने रंग चढवायचा, आणि प्रत्येकाला सारखंच करायचं. माणसाला गुळगुळीत करण्याची ही कारागिरी तेव्हा कारखान्यात आणि शाळेतही चालली होती. झांग यांनी तैलरंगात तेच केलं. पातळ थर, ब्रशची खूण दिसू न देता. ‘मोठं कुटुंब’ हे शब्दही नीट ऐकायला हवेत. चिनी भाषेत ते घराबद्दल वापरतात आणि क्रांतिकारी समाजाबद्दलही. म्हणून तांबडी रेघ नातं सांगते, आणि बांधूनही ठेवते.

१९९४मध्ये ही चित्रं साव पावलोच्या आणि १९९५मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिकात, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कलाप्रदर्शनात, गेली. त्या काळात घेणारे बहुतेक परदेशीच. स्वित्झर्लंडचे चीनमधले तेव्हाचे राजदूत उली सिग आणि बेल्जियमचे संग्राहक गी उलेन्स यांनी तेव्हापासून जमवलेल्या संग्रहांमुळेच चीनच्या या पर्वाची चित्रं एकत्र टिकली. आपल्या संग्रहातले १,४६३ नग सिग यांनी पुढे हाँगकाँगच्या एम प्लस संग्रहालयाला दिले.

लिलावांची चढण मार्च २००६मध्ये न्यूयॉर्कला दिसली. झांग यांचं ‘कॉम्रेड क्र. १२०’ ९ लाख ७९ हजार २०० डॉलरना गेलं. २०११मध्ये उलेन्स संग्रहातलं १९८८चं ‘चिरंतन प्रेम’ हे तीन भागांचं चित्र ७ कोटी ९० लाख हाँगकाँग डॉलरवर पोहोचलं. तोवर चिनी धनिकही बोली लावायला लागले होते. ज्या घरांनी स्वतःचे फोटो जाळले, त्यांच्याच पुढच्या पिढीतली माणसं आता लिलावगृहात हात वर करत होती, भिंतीवर असंच एक कुटुंब टांगायला.