रुळांतली वीज आणि एक सुटी तार

२ जून २०२३ रोजी ओडिशातील बालासोरजवळच्या बहानगा बाजार स्थानकात कोरोमंडल एक्स्प्रेस उभ्या मालगाडीवर आदळली आणि २९० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. तेव्हापासून ‘कवच’ ही स्वयंचलित यंत्रणा सगळीकडे बसवली की रेल्वे अपघात संपतील, असा समज रूढ झाला आहे. कवच हवेच, लाल सिग्नल ओलांडू पाहणाऱ्या गाडीला ते ब्रेक लावते. परंतु बहानग्याला चालकाने लाल सिग्नल ओलांडलाच नव्हता, त्याला हिरवा मिळाला होता. कवच असो की युरोपातील तशीच ईटीसीएस यंत्रणा, पुढचा मार्ग मोकळा आहे की नाही हे अशा यंत्रणेला स्वतःहून कळत नाही. ती माहिती सिग्नल आणि सांधे (गाडीला एका मार्गावरून दुसऱ्या मार्गावर वळवणारे हलते रूळ) यांचा मेळ घालणाऱ्या इंटरलॉकिंगकडून येते, आणि इंटरलॉकिंगला ती थेट रुळांवरून मिळते.

रूळ ही माहिती कशी देतात, हे पाहण्यासारखे आहे. अमेरिकेतील विल्यम रॉबिन्सन यांनी १८७२ मध्ये ज्याचे पेटंट घेतले, ते ‘ट्रॅक सर्किट’ शालेय भौतिकशास्त्रात बसणारे आहे. रुळांचा एक टप्पा दोन्ही टोकांना विद्युतरोधक जोड देऊन शेजारच्या रुळांपासून वेगळा करतात. एका टोकाला बॅटरी असते, दुसऱ्या टोकाला रिले, म्हणजे विद्युतचुंबकावर चालणारा स्विच. कमी दाबाचा प्रवाह एका रुळातून जातो, रिलेच्या वेटोळ्यातून फिरतो आणि दुसऱ्या रुळातून परत येतो. प्रवाह वाहतो तोवर विद्युतचुंबक एक लोखंडी पट्टी वर उचलून धरतो, आणि ती वर असली तरच सिग्नल हिरवा होऊ शकतो. गाडी त्या टप्प्यात शिरली की तिची चाके आणि आस दोन्ही रुळांना जोडतात, प्रवाह त्या सोप्या वाटेने परत फिरतो, रिलेपर्यंत पुरेसा पोहोचत नाही, पट्टी स्वतःच्या वजनाने खाली पडते आणि सिग्नल लाल होतो.

यातील खरी बुद्धिमत्ता अशी की गाडीची चाहूल प्रवाहाच्या असण्यावरून नव्हे, तर नसण्यावरून लागते. बॅटरी संपली, तार तुटली, रूळ पूर्ण तडकून विलग झाला, तरीही पट्टी खालीच पडते आणि गाड्या थांबतात. पावसाळ्यात रुळांवर पाणी साचले की प्रवाह खडीतून गळतो. मुंबईत अशा वेळी सिग्नल लाल होऊन लोकल खोळंबतात, त्यामागे हेही एक कारण असते, आणि ते यंत्रणेच्या शहाणपणाचे लक्षण आहे. जपानच्या शिंकान्सेन बुलेट ट्रेनने तर १९६४ पासून याच रुळांतील प्रवाहावर सांकेतिक लहरी चढवून वेगमर्यादा थेट चालकासमोर पोहोचवली; तेथे आजवर टक्कर किंवा घसरणीमुळे गाडीतील एकही प्रवासी दगावलेला नाही.

या रचनेला धोका उलट दिशेने असतो: जेथे प्रवाह नको तेथे तो आला तर. लंडनमधील क्लॅपहॅम जंक्शनजवळ १२ डिसेंबर १९८८ रोजी नेमके हेच घडले. सिग्नलच्या तारा बदलताना एक जुनी तार पूर्ण काढून न टाकता नुसती बाजूला वाकवून ठेवली होती. पुढच्या कामात ती हलली, पूर्वीच्या जागी टेकली आणि ट्रॅक सर्किटला वगळून प्रवाह सिग्नलपर्यंत पोहोचवू लागली. पुढे गाडी उभी असतानाही सिग्नल लाल झाला नाही. ३५ जण गेले. चौकशीत उघड झाले की त्या तंत्रज्ञाला १३ आठवड्यांत एकच सुटी मिळाली होती आणि त्याचे काम दुसऱ्या कोणीही तपासले नव्हते. त्यानंतर ब्रिटनमध्ये अशा कामाची स्वतंत्र तपासणी सक्तीची झाली आणि कामाच्या तासांवर मर्यादा आली.

बहानग्याची गोष्टही तारांचीच आहे. स्थानकाजवळच्या फाटकाच्या कामात तारा चुकीच्या जोडल्या गेल्या, सांधा लूप लाइनकडे, म्हणजे मालगाडी उभी असलेल्या बाजूच्या मार्गाकडे, वळलेला असताना तो मेन लाइनला लागल्याची खोटी माहिती इंटरलॉकिंगला मिळाली आणि त्याने इमानेइतबारे हिरवा दिला. अपघातानंतर २००९ आणि २०२३ या दोन्ही वेळी कोरोमंडल शुक्रवारीच घसरल्याचा ‘योगायोग’ माध्यमांनी चवीने चघळला. आठवड्याला सातच वार असतात, तेव्हा दोन अपघात एकाच वारी येणे यात नवल काहीच नाही. तेवढी जागा तारजोडणीच्या नकाशाला मिळाली असती तर वाचकांचे भले झाले असते.

देशादेशांतला फरक मला यंत्रांपेक्षा चुकीतून धडा घेण्यात अधिक दिसतो. १६ मे २०२२ रोजी बहानगा ज्यात येते त्याच खडगपूर रेल्वे विभागात, बांकरानयाबाज स्थानकात, चुकीच्या तारजोडणीमुळेच सिग्नलने दाखवलेला मार्ग आणि गाडीचा प्रत्यक्ष मार्ग वेगळे निघाले होते. त्या घटनेनंतर दुरुस्तीची पावले उचलली गेली असती तर बहानग्याचा अपघात झाला नसता, असे रेल्वे सुरक्षा आयुक्तांनी आपल्या अहवालात नोंदवले आहे.