सांडलेले मेण : आधी गोठू द्या, मग काढा

मेणबत्ती कलंडली की हात आपोआप फडक्याकडे जातो. तेवढे मात्र करू नका. पातळ मेण पुसले की ते पसरते, आणि खाली कापड किंवा लाकूड असेल तर आत मुरते. रुपयाएवढा डाग पुसून पुसून तळहाताएवढा होतो. ज्योत विझवा, मेणबत्ती उभी करा आणि मेण पूर्ण गोठेपर्यंत त्याला हात लावू नका. पातळ थराला पंधरा-वीस मिनिटे पुरतात, जाड गोळ्याला तासभर लागू शकतो.

अंगावर गरम मेण पडले असेल तर सामानाचे नंतर बघा. भाजलेली जागा लगेच वाहत्या गार पाण्याखाली 20 मिनिटे धरा. बर्फ लावू नका आणि कातडीला घट्ट बसलेले मेण ओढून काढू नका. भाजलेली जागा मोठी असेल, चेहऱ्यावर असेल किंवा फोड आले असतील तर डॉक्टरांना दाखवा.

डागात नेमके काय असते

मेणाचा डाग हा एक डाग नसतो. त्यात मेण असते, सुगंधाचे तेल असते आणि मेणबत्ती रंगीत असेल तर रंग असतो. मेण खरवडून आणि शोषून निघते, तेल साबणाने निघते, रंग स्पिरिटने निघतो. हा क्रमही महत्त्वाचा आहे. मेण जागेवर असताना साबण किंवा स्पिरिट लावले तर ते मेणाच्या थरावरच राहते, खालच्या डागापर्यंत पोचत नाही.

मेणाची जात लेबलवर पाहा. पॅराफिन साधारण 50 ते 65 अंश सेल्सिअसला वितळते आणि गार झाले की ठिसूळ होते, त्यामुळे त्याचे टवके सहज उडतात. मधमाश्यांचे मेण 62 ते 64 अंशांना वितळते. ते चिवट असते आणि खरवडताना दोन-तीन वेळा पुन्हा गार करावे लागते. ग्लासात ओतलेल्या मेणबत्त्यांचे सोया मेण मऊ असते. त्याचे टवके नीट पडत नाहीत, पण गरम साबणाच्या पाण्याला ते इतरांपेक्षा लवकर दाद देते. जेल मेणबत्तीत मुख्यतः खनिज तेल असते, म्हणून ती गोठवण्यात वेळ घालवू नका. चमच्याने उचला आणि उरलेला भाग तेलाचा डाग समजून धुवा.

कपडे, पडदे, टेबलक्लॉथ

कापड घडी न करता प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये तासभर ठेवा. मोठा पडदा असेल तर पिशवीत बर्फ भरून डागावर दहा मिनिटे धरा. मग कापड डागाच्या दोन्ही बाजूंना धरून वाकवा म्हणजे मेण तडकेल. टवके बोथट सुरीने, जुन्या प्लास्टिक कार्डाने किंवा नखाने काढा. धारदार पाते वापरलेत तर मेणाबरोबर धागाही तुटतो. टवके झटकू नका. ते दुसरीकडे पडून पायाखाली चिकटतात. एका कागदावर गोळा करा.

आता धाग्यांत मुरलेले मेण. इथे बहुतेक चुका होतात, म्हणून सविस्तर सांगतो. इस्त्रीच्या टेबलावर साधा, छपाई नसलेला कागद ठेवा: टिपकागद, खाकी कागद किंवा कोरा टिश्यू. त्यावर कापड, डागाची बाजू खाली. वर पुन्हा तसाच कागद. इस्त्री एका ठिपक्यावर, म्हणजे जास्तीत जास्त 110 अंशांवर ठेवा, वाफ बंद करा आणि पाच ते दहा सेकंद दाबून उचला. सरकवू नका. कागदावर तेलकट ठसा उमटेल. दर वेळी दोन्ही कागद सरकवून कोरा भाग डागाखाली आणा.

इस्त्रीने मेण फक्त पातळ होते. ते बाहेर ओढतो तो कागद. कागद भिजून गेला तरी तोच वापरत राहिलात तर मेण परत कापडात जाते. खालचा कागद विसरलात तर मेण टेबलाच्या अस्तरात उतरते आणि पुढच्या कपड्याला लागते. वर्तमानपत्राची शाई उष्णतेने कपड्यावर उतरते. वाफेने ओला झालेला कागद मेण कमी शोषतो. कागदावर नवा ठसा उमटेनासा झाला की थांबा.

गडद लाल, निळे किंवा काळे मेण असेल तर आणखी एक खबरदारी घ्या. उष्णतेबरोबर रंगही धाग्यात शिरतो, म्हणून टवके काढण्यावर नेहमीपेक्षा दुप्पट वेळ घालवा आणि टवके पूर्ण निघाल्यावरच इस्त्री वापरा. उरलेल्या रंगावर पांढऱ्या फडक्याने स्पिरिट टिपा, कडेकडून मध्याकडे. आधी शिवणीच्या आतल्या बाजूला थेंब लावून कापडाचा स्वतःचा रंग सुटत नाही ना ते पाहा. अ‍ॅसिटेट (रेशमासारखे दिसणारे कृत्रिम) कापडावर स्पिरिट वापरू नका.

तेलकट सावली उरली तर भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब कोरड्या डागावर चोळा, पंधरा मिनिटे ठेवा आणि कापड सोसेल तेवढ्या गरम पाण्यात धुवा. कपडा वाळवण्याआधी उजेडात धरून पाहा. डाग थोडाही दिसत असेल तर ड्रायरमध्ये टाकू नका, कारण त्या उष्णतेने तो पक्का बसतो. आणि टवके न काढता कपडा थेट मशीनमध्ये कधीही घालू नका. गरम पाण्यात वितळलेले मेण बाकीच्या कपड्यांना लागते आणि निचऱ्याच्या नळीत जाऊन गोठते.

रेशीम, लोकर आणि मखमल यांवर टवके काढण्यापुरतेच हात चालवा. पुढचे काम ड्रायक्लीनरचे.

गालिचा

गालिच्याखाली कागद घालता येत नाही, त्यामुळे सगळे मेण वरूनच शोषावे लागते. बर्फाच्या पिशवीने कडक करा, लव चिमटीत धरून मेण चुरडा आणि चुरा व्हॅक्यूमने ओढा. चुरा पूर्ण निघेपर्यंत इस्त्री काढू नका. बरेच गालिचे पॉलिप्रॉपिलीनचे असतात. ते 160-165 अंशांना वितळते, पण लव त्याच्या बरीच आधी चपटी होऊन चकाकू लागते आणि ती चकाकी परत जात नाही. वर कागद, त्यावर पांढरे सुती फडके, त्यावर सर्वांत मंद इस्त्री, तीही पाच सेकंद.

लाकूड

लाकडावर मेण बसते तेव्हा खरा धोका मेणाचा नसून ते काढताना पॉलिश जाण्याचा असतो. बर्फ पिशवीत आणि पिशवी कोरड्या कापडात गुंडाळून ठेवा. दव पॉलिशखाली शिरले तर पांढरट ढग येतो. पाच मिनिटांनी लाकडी उलथण्याने किंवा प्लास्टिक कार्डाने, लाकडाच्या रेषांच्या दिशेने, पाते जवळजवळ आडवे धरून मेण उचला.

उरलेल्या पातळ थराला हेअर ड्रायरची मंद धग द्या, 15 सेंटिमीटर अंतरावरून आणि सतत हलवत. मेण चमकू लागले की लगेच मऊ सुती फडक्याने टिपा, फडक्याची घडी बदलत राहा. लाखेचे पॉलिश असेल तर हेअर ड्रायर टाळा, कारण ते धगीने मऊ पडते. स्पिरिट तर त्याला लावूच नका. लाख स्पिरिटमध्ये विरघळते आणि डागाच्या जागी उघडे लाकूड दिसते. तिथे फक्त गार करणे आणि धीराने खरवडणे. पॉलिश न केलेल्या लाकडाच्या छिद्रांत मेण बसले तर वर कागद ठेवून मंद इस्त्री चालते.

दगड, काच, भिंत, चामडे

संगमरवरावर लिंबू किंवा व्हिनेगर लावू नका, आम्लाने चकाकी खाल्ली जाते. मेण प्लास्टिकने खरवडा. तेलाचा गडद ठिपका राहिला तर खाण्याचा सोडा आणि पाणी यांचा घट्ट लेप अर्धा सेंटिमीटर जाड लावा, प्लास्टिकने झाका, 24 तासांनी प्लास्टिक काढून लेप पूर्ण वाळू द्या आणि मग काढा. लेप वाळताना तेल वर ओढतो. जुन्या डागाला दोन-तीन लेप लागतात.

काच आणि चकचकीत टाइल्स सोप्या आहेत: खरवडा आणि कोमट साबणपाण्याने पुसा. गार काचेवर उकळते पाणी मात्र ओतू नका, तडकते.

भिंतीला प्लास्टिक पेंट असेल तर कागद आणि हेअर ड्रायर चालतो. डिस्टेंपर ओल्या फडक्याने निघून येतो, तिथे सगळे कोरडेच करा. चामड्याला धग नको. बर्फाच्या पिशवीने गोठवा, बोटाने उचला, मग चामड्याचे क्रीम लावा.

मेणबत्तीचे स्टँड

धातूचे स्टँड अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवा. गोठताना मेण आकसते आणि बहुतेक वेळा एका तुकड्यात सुटते. उरलेले मेण पातेल्यातल्या गरम, पण न उकळत्या पाण्यात वितळवा. ते पाणी मोरीत ओतू नका. गार होऊ द्या, वर मेणाची चकती जमेल ती उचलून टाका. स्टँड थेट गॅसवर तापवणे धोक्याचे आहे. मेण पेटले तर पाणी मारू नका, भडका उडतो. झाकण ठेवून गॅस बंद करा.

टर्पेंटाइन वापरायचे झाल्यास

धातू आणि टाइल्सवरचा चिवट थर टर्पेंटाइनने निघतो. खिडक्या उघडा, जवळ ज्योत नको. भिजलेले फडके बोळा करून ठेवू नका, उघड्यावर पसरून वाळवा. मशीनमध्ये तर टाकूच नका.

कपडा ड्रायक्लीनरकडे द्याल तेव्हा डाग मेणाचा आहे, मेण कुठल्या रंगाचे होते आणि तोवर तुम्ही त्यावर काय काय लावले हे सांगा. शक्य असेल तर मेणबत्तीचे लेबलही सोबत द्या.