स्वसंरक्षण (मराठवाड्याच्या संदर्भात)

अंगावर आलेल्या धोक्यातून स्वतःची किंवा सोबतच्या माणसाची सुटका करून घेणे म्हणजे स्वसंरक्षण. सुटका झाली की स्वसंरक्षण संपते. त्यापुढे समोरच्याला धडा शिकवणे ही मारामारी होते आणि कायदाही तिला मारामारीच म्हणतो. तालमीत घाम गाळलेल्या मल्लाची गोष्ट वेगळी. येथे विचार केला आहे तो रात्री पिकाला पाणी द्यायला गेलेला शेतकरी, शेवटच्या एस.टी.ने फाट्यावर उतरणारी नर्स, शिकवणीहून सायकलवर परतणारी मुलगी, फडावरच्या कोपीत निजणारी ऊसतोड कामगार बाई अशा माणसांचा. त्यांच्या हाती मुख्यतः दोन गोष्टी असतात : अंतर आणि हाक.

प्रदेश आणि धोके

छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर, धाराशिव आणि बीड हे मराठवाड्याचे आठ जिल्हे. येथे पोलीस ठाणे गावापासून बऱ्याचदा वीस-पंचवीस किलोमीटरवर असते आणि शेतवस्ती गावापासून आणखी आत. परभणी-नांदेडकडे शेतातल्या गोठा-झोपडीला ‘आखाडा’ म्हणतात. आखाड्यावर मुक्काम करणाऱ्या कुटुंबाचा सर्वांत जवळचा शेजारीही दोन-तीन बांध ओलांडून असतो. त्यामुळे शहरी पुस्तकांतला ‘तात्काळ मदत मागा’ हा सल्ला येथे अर्धाच लागू पडतो. मदत मागायची ती मागायचीच, पण ती पोचेपर्यंतचा वेळ आपला आपण काढायचा असतो.

धोक्यांचे स्वरूपही जागेगणिक बदलते. रात्रपाळीची वीज आली की शेतकऱ्याला अंधारात मोटार चालू करायला जावे लागते. खच्चून भरलेल्या काळी-पिवळीत अंगाला होणारे स्पर्श, निर्मनुष्य फाटे, रात्रीच्या गाडीतली चोरी हे रोजचे. दिवाळीच्या आगेमागे बीड व शेजारच्या तालुक्यांतून लाखो माणसे ऊसतोडीला जातात. पाचटाच्या किंवा ताडपत्रीच्या कोपीला दार नसते, कडी नसते. बाई पहाटे अंधारातच उघड्यावर जाते आणि तिच्या तक्रारीची वाट मुकादमाच्या अंगणातून जाते. ज्याच्याकडून उचल घेतली त्याच्याच माणसापासून धोका असेल तर कुठलाही डाव पुरा पडत नाही, हे प्रशिक्षण देणाऱ्यांनी आधी समजून घ्यायला हवे. बाईवर हात टाकणारा बहुतेक वेळा ओळखीचाच असतो : नातलग, शेजारी, मालक.

पूर्वपीठिका

या भूमीला संरक्षणाची जुनी समज आहे. देवगिरीच्या किल्ल्याचे दरवाजे एका रेषेत नाहीत. वाट वळणे घेते, पुढे खंदक लागतो आणि नंतर अंधारी, म्हणजे काळोखी भुयारी वाट. शत्रूला जागोजागी थांबवायचे, त्याचा वेग मोडायचा, ही सगळी रचना. गावपातळीवर हेच काम वेशीने आणि पांढऱ्या मातीच्या गढीने केले. रानात माळ्यावर बसून गोफण फिरवणारा जागलीचा माणूस पाखरे हाकलता हाकलता दूरची हालचालही टिपत असे.

गावची वेस राखणारा वेसकर आणि रात्रीचा पहारा देणारा जागल्या ही वतनाची कामे. वेसकराचे काम महार समाजाकडे होते. ज्यांनी वेस राखली त्यांची घरे मात्र वेशीबाहेर होती. हा विरोधाभास केवळ इतिहासजमा झालेला नाही. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव 27 जुलै 1978 रोजी विधिमंडळात झाला आणि त्यानंतर गावोगावी दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली. हाकेला धावून येणारा गावच अंगावर आला. (नामविस्तार पुढे 14 जानेवारी 1994 रोजी झाला.) म्हणून ‘गाव आपले रक्षण करते’ हे विधान कोणाच्या तोंडी आहे ते पाहावे लागते. अशा हल्ल्यांसाठी अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम, 1989 हा स्वतंत्र कायदा आहे.

निजामी राजवटीच्या अखेरीस, 1947–48 मध्ये, लातूरला वकिली केलेल्या कासीम रझवीच्या रझाकारांनी गावे लुटली. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालील लढ्यात सरहद्दीवर सशस्त्र कॅम्प उभे राहिले. मात्र हजारो साध्या कुटुंबांनी बायकामुलांसह हद्द ओलांडून सोलापूर, अहमदनगर, बुलढाण्याकडे आसरा घेतला. त्या निघून जाण्याला पळपुटेपणा म्हणणे अन्यायाचे आहे. तेही स्वसंरक्षणच होते. 17 सप्टेंबर 1948 रोजी हैदराबाद संस्थान भारतात आले.

नांदेडला तख्त सचखंड श्री हजूर साहिबच्या परिसरात गतका ही शीख युद्धकला आजही खेळली जाते. अनेक शाळांतून लाठीकाठी शिकवतात. समग्र शिक्षा योजनेखाली सहावी ते बारावीच्या मुलींसाठी राणी लक्ष्मीबाई यांच्या नावाचे तीन महिन्यांचे आत्मरक्षा प्रशिक्षण आहे. हे सगळे चांगले आहे, पण कवायतीच्या मैदानावर ओळीत मारलेले ठोसे अंधाऱ्या बोळात आपोआप आठवत नाहीत. दोनच हालचाली जोडीदाराबरोबर शंभर वेळा केलेल्या बऱ्या.

नजर, अंतर, हाक

हल्ला बहुधा अचानक होत नाही. माणूस आधी जोखतो : वाट विचारतो, काडीपेटी मागतो, वाटेत आडवा उभा राहतो, आपण थांबलो की तोही थांबतो. मनात पाल चुकचुकली की कारण शोधत बसू नये, लगेच दिशा बदलावी. उन्हाळ्यात तोंडाला स्कार्फ बांधल्यावाचून इकडे निभत नाही, पण त्याने बाजूचे दिसणे व ऐकणे कमी होते. उजेड संपला की तो कानांवरून सोडावा. ओढणी गळ्याला गुंडाळलेली नसावी.

कोणी जवळ सरकू लागला की एक पाय मागे, दोन्ही तळहात छातीसमोर उघडे, आणि खड्या आवाजात ‘तिथंच थांबा!’ म्हणावे. उघडे तळहात पाहणाऱ्यांना भांडण टाळणारे दिसतात आणि वेळ आलीच तर तेच हात चेहऱ्याचे रक्षण करतात. आवाज निघणे ही खरी अडचण असते. लहानपणापासून ‘हळू बोल’ ऐकत आलेल्या मुलीच्या घशातून ऐनवेळी हाक निघत नाही, म्हणून ओरडण्याचाही सराव लागतो. नुसती किंकाळी वाऱ्यावर जाते. नाव घेऊन हाक मारावी. ‘अण्णा, बॅटरी घेऊन या, विहिरीजवळ माणूस आहे!’ अण्णा नसले तरी चालेल. आसपास कोणी आहे असे हल्लेखोराला वाटले की त्याची घाई वाढते आणि पकड ढिली होते.

तातडीच्या मदतीसाठी 112 हा क्रमांक आहे. महिलांसाठी 181 व 1091, मुलांसाठी 1098, रेल्वेत 139. फोन लागला की गावाबरोबर तालुका आधी सांगावा. पिंपळगाव, वडगाव, टाकळी नावाची गावे प्रत्येक जिल्ह्यात पाच-दहा निघतात. शिवारात गट क्रमांक सांगून उपयोग नाही. डीपी, मारुतीचे देऊळ, पाझर तलाव अशी खूण सांगावी. फोनमधले आणीबाणीचे बटण कसे चालते तेही घरी बसल्या पाहून ठेवावे.

अंगाला हात पडला तर

सर्वप्रथम, अंग बधिर होऊ शकते. हातपाय न हलणे, तोंडातून शब्द न फुटणे ही भीतीने होणारी शरीराची प्रतिक्रिया आहे. ‘ओरडली का नाही?’ असे नंतर विचारणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे. अशा वेळी जोराने श्वास सोडला किंवा एक बोट जरी हलवले तरी शरीर पुन्हा ताब्यात येऊ लागते.

मनगट धरले तर धरणाऱ्याची बोटे आणि अंगठा जिथे भेटतात ती मुठीची कच्ची बाजू. आपले मनगट त्या फटीकडे वळवून, कोपर त्याच्याकडे नेत झटका द्यावा. त्याने दोन्ही हातांनी धरले असेल तर आपल्या धरलेल्या हाताची मूठ दुसऱ्या हाताने पकडून सगळ्या अंगाच्या जोराने ओढावे. वेणी मागून धरली तर डोके ओढण्यात जोर घालवू नये. त्याचा हात आपल्याच डोक्यावर दोन्ही हातांनी घट्ट दाबला की ओढ थांबते, आणि मग त्याच्याकडे वळून नडगीवर किंवा गुडघ्यावर लाथ मारता येते.

गळा दाबणे सर्वांत घातक. मेंदूकडे जाणारे रक्त अडले तर दहा-पंधरा सेकंदांत शुद्ध जाऊ शकते, म्हणून येथे क्षणही दवडू नये : हनुवटी छातीकडे, खांदे वर, त्याचा एक हात आपल्या दोन्ही हातांनी अंगठ्याच्या बाजूने उपटायचा आणि त्याच वेळी जांघेत गुडघा मारायचा. मागून हाताचा विळखा पडला तर हनुवटी त्याच्या कोपराच्या खोबणीत वळवून विळखा खाली ओढावा. कमरेला मिठी पडली तर बसकण मारल्यासारखे सगळे वजन खाली टाकावे, टाच त्याच्या पावलावर आपटावी, डोके मागे त्याच्या नाकावर मारावे. नाक, डोळे, गळा, जांघ, गुडघा आणि नडगी या जागांना पैलवानालाही स्नायूंचे कवच नसते. मुठीपेक्षा तळहाताचा खालचा भाग आणि कोपर वापरावे. सवय नसलेल्याची बोटे मुठीने मारताना मोडतात. जमिनीवर पडलात तर पाठीवर राहून पाय त्याच्याकडे करावेत आणि लाथा झाडत राहावे. सुटलात की उजेडाकडे, माणसांकडे पळावे. तो पडला का हे पाहायला थांबू नये.

चाकू किंवा कोयता दिसला तर हात धरण्याचा डाव करू नये. अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटीचे पोलीस अधिकारी डेनिस टुलर यांनी 1983 मध्ये मांडले, की चाकू घेतलेला माणूस 21 फूट अंतर सुमारे दीड सेकंदात कापतो. म्हणजे घरापुढचे अंगण ओलांडायला त्याला लागतो तेवढाच वेळ. पैसे, मोबाईल, गंठण मागितले तर एका बाजूला फेकून दुसरीकडे धावावे. डोरले पुन्हा घडवता येते.

रानात हाती काठी आणि बॅटरी असतेच. काठी डोक्यावरून फिरवली तर समोरच्याच्या हाती सापडते. दोन्ही हातांनी धरून टोक पोटात खुपसावे. बॅटरीचा झोत डोळ्यांवर टाकला की दोन-तीन क्षण मिळतात. मिरचीचा स्प्रे जवळ ठेवायला परवाना लागत नाही, मात्र वाऱ्याकडे तोंड करून मारला तर आपल्याच डोळ्यांत येतो. सणासुदीला, निवडणुकीत जिल्हा प्रशासन महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली शस्त्रबंदी लावते आणि त्यात लाठ्याही येतात. अशा दिवसांत बाजारात काठी मिरवणे अंगलट येते.

बिबट्याची गोष्ट निराळी. 2020 च्या अखेरीस बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे दगावली. रानात वाकून किंवा बसून राहिलेले माणूस त्याला सावज वाटते. उभे राहावे, पाठ दाखवून पळू नये, आवाज करावा, आणि रात्री जाताना दोघे-तिघे मिळून, मोबाईलवर गाणे लावून जावे.

कायदा

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेची कलमे 34 ते 44 खासगी संरक्षणाच्या हक्काविषयी आहेत. पूर्वी ती भारतीय दंड संहितेत 96 ते 106 होती. स्वतःचे वा दुसऱ्याचे शरीर आणि मालमत्ता राखण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. हल्ला होण्याची रास्त भीती निर्माण झाली की हक्क सुरू होतो, आणि भीती असेपर्यंतच टिकतो; पहिला घाव सोसावा लागत नाही. कलम 37 नुसार सरकारी यंत्रणेची मदत घेण्याइतका वेळ असेल तर हा हक्क मिळत नाही, आणि गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही. आखाड्यावरच्या माणसाला यातली वेळेची अट ठाण्याच्या अंतरावरून मोजावी लागते, ही गोष्ट जबाब देताना स्पष्ट सांगावी.

मृत्यू किंवा जबर दुखापतीची भीती, बलात्कार, अपहरण, ॲसिडहल्ला अशा प्रसंगी कलम 38 खाली हल्लेखोराचा जीव गेला तरी बचाव ग्राह्य धरता येतो. सूर्यास्तानंतरच्या घरफोडीबाबत अशीच तरतूद कलम 41 मध्ये आहे. मात्र बचाव होता हे दाखवण्याचा भार आरोपीवर, म्हणजे बचाव केला असे सांगणाऱ्यावर येतो. त्यासाठी संभाव्यता पटली तरी पुरते. फिर्यादी पक्षाइतका काटेकोर पुरावा मागितला जात नाही. दर्शन सिंग खटल्यात (2010) सर्वोच्च न्यायालयाने या हक्काची तत्त्वे एकत्र मांडली. जिवावर बेतलेल्या माणसाकडून सोन्याच्या तराजूत मोजल्यासारखा प्रतिकार अपेक्षित धरता येत नाही, पण सूड या हक्कात बसत नाही, असा त्यांचा रोख आहे. पळत सुटलेल्या चोराच्या पाठीत कुऱ्हाड घातली तर ते स्वसंरक्षण राहत नाही.

अफवा आणि जमाव

हाकेचीच दुसरी, भयंकर बाजू म्हणजे जमाव. 2018 च्या जूनमध्ये वैजापूर तालुक्यात चोर समजून दोघांना जमावाने मारले. 1 जुलैला धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात मुले पळवणारे समजून पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारले. ती माणसे पोट भरायला आली होती. 2024 च्या पावसाळ्यात बीड-जालन्याकडे रात्रीच्या ड्रोनच्या वार्ता पसरल्या आणि गावे काठ्या घेऊन जागू लागली. अनोळखी माणूस दिसला तर त्याला बसवावे, पाणी द्यावे आणि 112 वर कळवावे. बेकायदा जमावाच्या समान उद्देशातून खून झाला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 190 नुसार जमावातला प्रत्येक जण दोषी ठरतो, हात कोणाचाही असो. राखण करायचीच तर ती पोलीस ठाण्याशी जोडलेल्या ग्राम सुरक्षा दलामार्फत करावी.

घटनेनंतर

ॲसिड अंगावर पडले तर कपडे काढून वाहत्या पाण्याखाली किमान वीस मिनिटे धुवावे. विहिरीवरची मोटार चालू असेल तर तिथेच. वाहत्या रक्तावर स्वच्छ फडके सतत दाबून धरावे. गळा दाबला गेला असेल तर बाहेरून खूण नसली तरी दवाखाना गाठावा, कारण आतली सूज काही तासांनी वाढू शकते. लैंगिक हल्ल्यानंतर तपासणीआधी अंघोळ करू नये. कपडे धुऊ नयेत, ते कागदात गुंडाळून ठेवावेत. अशा रुग्णावर सरकारी असो वा खासगी, कोणत्याही रुग्णालयाने तत्काळ व मोफत उपचार करणे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 397 नुसार बंधनकारक आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी ‘सखी’ वन स्टॉप सेंटरमध्ये निवारा, समुपदेशन आणि वकिलाची मदत मिळते.

गुन्हा कोणत्या हद्दीत घडला यावरून ठाण्याला तक्रार नाकारता येत नाही. फडावर घडलेल्या प्रसंगाची तक्रार ऊसतोड कामगार बाई आपल्या गावच्या ठाण्यातही देऊ शकते, आणि नोंदलेल्या गुन्ह्याची प्रत तिला विनामूल्य मिळते. ठाण्याने नोंद घेतलीच नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार तक्रार लेखी, टपालाने जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते. रजिस्टर टपालाची पावती जपून ठेवावी.