नाताळचा केक एवढ्या आधी का सांगावा लागतो?

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात दुकानात हमखास कुणीतरी येतं आणि विचारतं, "परवापर्यंत फ्रूट केक मिळेल ना?" केक देता येतो. पण ज्याची चव वर्षभर लक्षात राहते तो केक परवापर्यंत होत नाही, आणि हे सांगताना आम्हालाच वाईट वाटतं. म्हणून हे माहितीपत्रक. नाताळचे बरेचसे पदार्थ एक तर मुरवण्यातून आलेत किंवा उपासातून. हे एकदा समजलं की काय मागवायचं, कधी सांगायचं आणि घरी कसं ठेवायचं हे आपोआप कळतं.

मुरवण्याचं काम

आम्ही ऑक्टोबरमध्ये फळं भिजत घालतो. काळ्या मनुका, बेदाणे, साखरेत पाकवलेली संत्र्याची आणि लिंबाची साल, दालचिनी, लवंग, जायफळ आणि वरून रम. पहिल्या दिवशी मनुका सुरकुतलेल्या असतात आणि रम बरणीच्या तळाशी वेगळी दिसते. रोज एकदा बरणी उलटीसुलटी करायची. तिसऱ्या आठवड्यात झाकण उघडलं की तळाशी रम उरलेली नसते. ती फळांनी पिऊन टाकलेली असते, आणि मनुका चिमटीत धरली तर टम्म लागते. अशी फळं केकमध्ये गेली की ती भोवतालच्या केकचा ओलावा ओढून घेत नाहीत. दोन दिवसांत केलेला केक कोरडा लागतो तो याच कारणाने. फळं तहानलेलीच राहिलेली असतात.

जमैका आणि त्रिनिदादमधली घरं यात आमच्याही पुढे आहेत. तिथल्या 'ब्लॅक केक'ची फळं कित्येक महिने, काही घरांत वर्षभर रममध्ये असतात. मग ती वाटतात आणि साखर जाळून केलेला काळा पाक घालतात. इंग्लंडमध्ये ख्रिसमस पुडिंग ढवळायला खास रविवारच आहे, ॲडव्हेंटच्या, म्हणजे नाताळआधीच्या चारेक आठवड्यांच्या, आधीचा शेवटचा. घरातल्या प्रत्येकाने पूर्वेकडून पश्चिमेकडे एकदा ढवळायचं आणि मनात इच्छा धरायची. मग ते कित्येक तास वाफवायचं, चारेक आठवडे थंड जागी ठेवायचं आणि नाताळला पुन्हा वाफवून ताटात घ्यायचं. जुन्या पद्धतीत आत चांदीचं नाणंही असायचं. आम्ही नाणं घालत नाही. लहान मुलांच्या घशात अडकायची भीती असते.

एवढे दिवस हे टिकतं कसं, असं अनेक जण विचारतात. साखर आणि मद्य मिळून पदार्थातलं पाणी बांधून ठेवतात, त्यामुळे बुरशीला वाढायला पाणी सापडत नाही. मद्य नको असेल तर आम्ही फळं संत्र्याच्या रसात किंवा गडद चहात भिजवतो. तो केकही सुरेख होतो, पण तो मुरवायचा नाही. फ्रिजमध्ये ठेवून आठवड्याभरात संपवायचा.

उपासाने घडवलेलं ताट

जर्मनीच्या ड्रेस्डेन शहरातलं स्टोलन, म्हणजे सुक्या फळांचा गोड ब्रेड, आज लोण्याने ओथंबलेलं असतं, पण सुरुवातीला ते अगदीच कोरडं होतं. ॲडव्हेंटच्या उपासात लोणी वर्ज्य, त्यामुळे पीठ, पाणी आणि तेल एवढ्यावरच भागवायचं. ड्रेस्डेन ज्या सॅक्सनी प्रांतात आहे तिथल्या राज्यकर्त्यांनी पोपकडे अर्ज केला आणि 1491 मध्ये पोप इनोसंट आठवे यांच्या पत्राने लोण्याला परवानगी मिळाली. आज ड्रेस्डेनच्या नियमानुसार स्टोलनमध्ये पिठाच्या किमान निम्म्या वजनाचं लोणी लागतं. बाहेरून पिठीसाखरेचा जाड थर असतो आणि आकार दुपट्यात गुंडाळलेल्या बाळासारखा. ते बाळ म्हणजे येशू. 'ड्रेस्डेन स्टोलन' हे नाव युरोपीय कायद्याने त्या परिसरातल्या बेकऱ्यांसाठी राखलेलं आहे. म्हणून आमच्या पाकिटावर नुसतं 'स्टोलन' लिहिलेलं असतं.

पोलंडमध्ये 24 डिसेंबरच्या रात्रीचं जेवण आजही बहुतेक घरांत बिनमांसाचं असतं, मासे मात्र चालतात. आकाशात पहिली चांदणी दिसेपर्यंत कुणी ताटावर बसत नाही, आणि ती शोधायचं काम मुलांचं. पांढऱ्या कापडाखाली थोडं गवत पसरतात, कारण बाळ गोठ्यात जन्मलं. मग ओपुआतेक नावाची पातळ, पापडासारखी पोळी एकमेकांच्या हातातून मोडून घ्यायची आणि शुभेच्छा द्यायच्या. पदार्थ बारा: बीटचं सूप, कार्प मासा, हेरिंग मासा, पिएरोगी (सारण भरून उकडलेल्या करंज्या), सुक्या फळांचं पेय वगैरे. एक ताट रिकामं मांडून ठेवतात, न बोलावता आलेल्या पाहुण्यासाठी. नाताळच्या इतक्या रीती वाचल्या, ऐकल्या, पण आम्हाला सगळ्यात जवळची वाटते ती हीच.

इथिओपियातला ऑर्थोडॉक्स नाताळ 7 जानेवारीला येतो, आणि त्याआधी 43 दिवस मांस, दूध, लोणी, अंडी काही नाही. एवढा उपास सुटल्यावर समोर येतो तो 'दोरो वत', म्हणजे कांदा खूप वेळ परतून केलेला झणझणीत कोंबडीचा रस्सा. त्यात अख्खी उकडलेली अंडी असतात आणि तो इंजेरा नावाच्या आंबवलेल्या पिठाच्या पोळीबरोबर खातात. युक्रेनमध्ये भिजवून शिजवलेले गहू, मध आणि खसखस यांची 'कुतिया' आधी खातात, मग बाकीचं. फ्रान्सच्या प्रोव्हान्स भागात तर उपासाच्या जेवणानंतर तेरा गोड पदार्थ मांडतात, येशू आणि त्याचे बारा शिष्य म्हणून. त्यातली ऑलिव्ह तेलाची पोळी सुरीने कापायची नाही, हातानेच मोडायची.

पॅनेटोनेबद्दल एक गोष्ट

पहिल्या वर्षी आम्ही इटलीतल्या मिलानच्या पद्धतीचे पॅनेटोने, म्हणजे मनुका घातलेले उंच गोड ब्रेड, केले. ओव्हनमधून काढले तेव्हा घुमटासारखे उंच होते. जाळीवर उभे ठेवले आणि अर्ध्या तासात सगळे मधून बसले. दोन दिवस जपलेलं खमीर वाया गेलं. नंतर कळलं की या ब्रेडमध्ये लोणी आणि अंड्याचे बलक इतके असतात की गरम असताना त्याला स्वतःचं वजन पेलत नाही. त्यामुळे बाहेर काढल्याबरोबर तळाशी सळ्या खुपसून तो उलटा टांगायचा आणि रात्रभर तसाच गार होऊ द्यायचा. आता आमच्याकडे डिसेंबरात पॅनेटोने ओळीने उलटे लटकलेले असतात. कुणाला बघायचे असतील तर जरूर या, आम्हाला दाखवायला आवडतं. इटलीत 2005 पासून कायद्यानेच प्रमाण ठरलेलं आहे: लोणी किमान 16 टक्के, मनुका आणि साखरेतल्या साली किमान 20 टक्के. आम्हीही तेच पाळतो.

मागवण्याआधी आम्हाला सांगा

घरात कोण काय खात नाही ते अगदी मोकळेपणाने सांगा. 'भाजल्यावर मद्य उडून जातं' असं सर्रास म्हणतात, पण ते पुरतं उडत नाही. शिवाय भाजून झाल्यावर केकवर चमच्याने सोडलेली रम तर तशीच्या तशी राहते. लहान मुलं, गरोदर बाई किंवा मद्य वर्ज्य असलेलं माणूस घरी असेल तर रसात भिजवलेलाच केक घ्या.

इंग्लिश पुडिंगमध्ये परंपरेने सुएट असतं, म्हणजे गायीच्या मूत्रपिंडाभोवतालची चरबी. मिन्स पायच्या नावात खिमा आहे आणि पूर्वी आत खरोखरच मांस असायचं. आता आत सुकी फळं असतात, तरीही सुएट असू शकतं. आमच्याकडे दोन्ही लोण्यात होतात. बाहेरून आणलेल्या डब्यावर मात्र बारीक अक्षरं वाचा. बदाम, अक्रोड चालत नसतील तर तेही आधीच कळवा, कारण सगळं एकाच टेबलावर तयार होतं.

एगनॉग घरी करणार असाल तर दूध आणि अंडी मंद आचेवर सतत ढवळत 71 अंश सेल्सियसपर्यंत गरम करा, मग गार करा. कच्च्या अंड्यातून साल्मोनेला या जंतूची बाधा होऊ शकते.

पेयं

जर्मनीची ग्लूवाइन, स्वीडनचा ग्लॉग ही मसाले घालून गरम केलेली रेड वाइन. तिला उकळी येऊ द्यायची नाही, नाहीतर मसाला कडवट उतरतो. ग्लॉगच्या पेल्यात बेदाणे आणि सोललेले बदाम टाकतात. मद्याशिवाय काही हवं असेल तर मेक्सिकोचा पोंचे करून पाहा: पेरू, उसाचे करवे, दालचिनी आणि गूळ एकत्र उकळायचं, बस. कॅरिबियन बेटांवर अंबाडीच्या लाल बोंडांचं आल्या-लवंगेचं सरबत करतात. ते फ्रूट केकबरोबर फार छान लागतं, कारण आंबटपणाने केकचा गोडवा जड वाटत नाही.

तुमच्या घरची पद्धत

देशाची रीत एक असली तरी घराघराची वेगळी. डेन्मार्कमध्ये थंड तांदळाच्या खिरीत एकच अख्खा बदाम लपवतात, ज्याला मिळेल त्याला बक्षीस, आणि ज्याला मिळतो तो गालात दाबून गप्प बसतो म्हणजे इतरांना सगळी खीर संपवावी लागते. व्हेनेझुएलात मक्याच्या पिठाचे हायाका केळीच्या पानात बांधायला अख्खं घर बसतं. कुणी पानं पुसतं, कुणी सारण भरतं, कुणी दोरा आवळतं. जपानमध्ये 1974 च्या एका जाहिरातीनंतर केंटकी फ्राइड चिकन नाताळचं जेवण झालं, आणि आज तिथे वाढलेल्या मुलांच्या आठवणीत तेच आहे. त्यांच्यासाठी तेही परंपरेचंच.

तेव्हा आजीच्या हातची चिठ्ठी असेल तर ती घेऊन या. "अंदाजे" लिहिलं असलं तरी चालेल. आम्ही आधी छोटा केक करून तुम्हाला चव देतो आणि मग वजनं पक्की करतो. यासाठी ऑक्टोबर संपायच्या आत भेटा. फळं मुरवलेला केक नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात सांगा. स्टोलन आणि पॅनेटोनेला दहा दिवस पुरतात.

स्टोलन घरी नेल्यावर कडेने कापू नका. बरोबर मधून कापा, हवे तेवढे काप काढा आणि उरलेले दोन तुकडे एकमेकांना चिकटवून कागदात गुंडाळा. कापलेली बाजू उघडी राहत नाही आणि आतलं लोणी सुकत नाही.