टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन घेतल्यावर शुक्रजंतू का संपतात?

सांगली-मिरजेच्या जिममध्ये हल्ली एक समज पक्का बसलाय: टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाचं इंजेक्शन घेतलं की दंडही भरतात आणि मूल व्हायलाही मदत होते. दंडांचं खरं आहे. मुलाचं मात्र साफ उलटं. पिळदार शरीराच्या तरुणाच्या रिपोर्टवर टेस्टोस्टेरॉन भरपूर, वृषणाला चालना देणारी एलएच आणि एफएसएच ही संप्रेरकं जवळपास शून्य आणि शुक्रजंतूही शून्य, असं दिसू शकतं. तोवर घरच्यांनी सुनेच्या सगळ्या तपासण्या करून घेतलेल्या असतात, याचं फार वाईट वाटतं.

हे होतं कसं? मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस साधारण दीड-दोन तासांनी जीएनआरएच नावाचं संप्रेरक सोडतो. सतत नाही, थांबूनथांबून. हेच संप्रेरक सलग मिळत राहिलं तर पिट्युटरी ग्रंथी बधिर होते. म्हणून त्याच जातीची औषधं प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये टेस्टोस्टेरॉन पाडायला वापरतात. तर, जीएनआरएचच्या या थांबूनथांबून येणाऱ्या इशाऱ्यावर पिट्युटरी एलएच आणि एफएसएच सोडते. एलएच वृषणातल्या लायडिग पेशींकडून टेस्टोस्टेरॉन बनवून घेतं, एफएसएच शुक्रजंतूंना वाढवणाऱ्या सर्टोली पेशींना चालना देतं. रक्तात टेस्टोस्टेरॉन पुरेसं झालं की मेंदू इशारे कमी करतो.

जत-आटपाडीकडे टाकीत फ्लोट बसवलेला असतो. टाकी भरली की मोटर बंद. आता त्याच टाकीत टँकरचं पाणी ओतलं तरी मोटर बंदच राहणार, कारण पाणी बोअरचं की टँकरचं हे फ्लोटला कळत नाही. मेंदूलाही कळत नाही.

रक्तात टेस्टोस्टेरॉन भरपूर असताना शुक्रजंतूंचं काय अडतं? वृषणाच्या आत टेस्टोस्टेरॉनचं प्रमाण रक्ताच्या कित्येक पट असतं आणि शुक्रजंतू तयार व्हायला तेवढंच लागतं. एलएच थांबलं की आतलं प्रमाण कोसळतं. दंडात टोचलेल्या औषधानं ते भरून निघत नाही. हा परिणाम इतका खात्रीचा आहे की जागतिक आरोग्य संघटनेनं आठवड्याला २०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन एनान्थेट देऊन पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून त्याच्या चाचण्या घेतल्या. १९९० मध्ये त्यांचे निष्कर्ष छापून आले.

दुसरा घोळ इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाचा. अॅरोमटेज हे विकर, विशेषतः चरबीत, काही टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्राडायोल, म्हणजे एक इस्ट्रोजेनच, करतं. छातीला बायकांसारखा उभार येईल या भीतीनं पोरं मनानंच लेट्रोझोलच्या गोळ्या घेऊन हे विकर बंद पाडतात. पण पुरुषाच्या हाडांना इस्ट्राडायोल लागतंच. १९९४ मध्ये एका २८ वर्षांच्या पुरुषाची नोंद झाली: टेस्टोस्टेरॉन व्यवस्थित, पण पेशींमधला इस्ट्रोजेनचा इशारा पकडणारा ग्राहीच (रिसेप्टर) बिघडलेला. उंची २०४ सेंटिमीटर, हाडांची टोकं अजून जुळलेली नाहीत आणि हाडं ठिसूळ. इस्ट्राडायोल संपवायचं नसतं, योग्य पातळीत ठेवायचं असतं.

ज्यांच्यात खरोखर कमतरता आहे त्यांना हे औषध जरूर द्यावं. त्यासाठी लक्षणं हवीत आणि दोन वेगवेगळ्या सकाळी घेतलेल्या रक्तात पातळी कमी, साधारण ३०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली, हवी. पुढे हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण, तपासत राहावं लागतं, कारण तांबड्या पेशी वाढून रक्त दाट होतं. ५४ टक्क्यांच्या वर गेलं तर औषध थांबवतात किंवा मात्रा कमी करतात. मूल हवं असेल तर डॉक्टरांना आधीच सांगावं. मग एलएचसारखं काम करणाऱ्या एचसीजीसारखे पर्याय असतात. ‘वीर्याचा एक थेंब म्हणजे रक्ताचे चाळीस थेंब’ असल्या भीतीवर औषधं खपवणाऱ्या एसटी स्टँडाजवळच्या पाट्यांवर यातलं काहीच लिहिलेलं नसतं.

इंजेक्शन थांबवल्यावर बहुतेकांचे शुक्रजंतू सहा महिने ते वर्षभरात परत येतात. काहींना दोन वर्षं लागतात. आणि वर्षानुवर्षं मोठे डोस घेतलेल्यांना त्याहून जास्त वाट पाहावी लागू शकते.