15 ऑक्टोबरला मोजलेलं पाणी

पैठणच्या नाथसागरावर, म्हणजे जायकवाडी धरणावर, रोज सकाळी पाणीपातळी वाचली जाते. धरण पूर्ण भरलं की आकडा 1,522 फुटांवर येतो. मात्र पातळी म्हणजे साठा नव्हे. धरण काही सरळ भिंतींची टाकी नसतं, म्हणून कोणत्या पातळीला किती पाणी हे सांगणारा तक्ता लागतो. भरलेला नाथसागर सुमारे 350 चौरस किलोमीटरवर पसरलेला असतो. त्यामुळे सर्वांत वरच्या एका फुटात जवळजवळ पावणेचार टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं. तळाकडच्या एका फुटात त्याहून कितीतरी कमी.

या रोजच्या नोंदींतली 15 ऑक्टोबरची नोंद वर्षाचं गणित ठरवते. तोवर मोसमी पाऊस परतलेला असतो. धरणात जे आहे त्यावरच पुढचे आठ महिने काढायचे असतात. पिण्याचं पाणी, उद्योग, रब्बीच्या आणि उन्हाळी पाळ्या (कालव्यातून सिंचनाला पाणी सोडण्याच्या फेऱ्या), शिवाय उन्हात उडून जाणारं पाणी, सगळ्यांचा हिशेब याच आकड्यातून मांडतात.

गोदावरीचं दुखणं असं की नाथसागराचा हिशेब एकट्या पैठणमध्ये होत नाही. पाऊस पडतो सह्याद्रीच्या माथ्यावर. तो आधी दारणा, गंगापूर, भंडारदरा, निळवंडे, मुळा ही नाशिक आणि अहिल्यानगरची धरणं अडवतात. खाली पर्जन्यछायेत बसलेल्या जायकवाडीला मोठी आवक होते ती मुख्यतः वरची धरणं भरून वाहिल्यावर. जायकवाडीचा उपयुक्त साठा सुमारे 76.65 टीएमसी, म्हणजे गोदावरीच्या या वरच्या खोऱ्यातलं सर्वांत मोठं भांडं सर्वांच्या शेवटी भरतं.

महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा 2005 चा कायदा म्हणतो की टंचाईच्या वर्षी तूटही सगळ्यांनी वाटून घ्यावी. त्याचं सूत्र 2013 मध्ये मेंढेगिरी समितीने मांडलं. 15 ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा, त्यात खरिपात वापरलेलं पाणी मिळवूनही, 65 टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या धरणांनी पाणी सोडायचं. खरिपाचा वापर मिळवतात तो न्यायासाठी. नाहीतर ज्याने आधीच पाणी वापरलं त्याचं धरण रिकामं दिसेल आणि त्यालाच जास्त मिळेल. पुढच्या अभ्यासगटाने हा उंबरठा 58 टक्क्यांवर आणायची शिफारस केली, तेव्हा मराठवाड्यातून विरोध झाला. सात टक्के म्हणजे पाच टीएमसीहून जास्त पाणी, हे लक्षात घेतलं की विरोध समजतो.

पण मला टक्क्यांइतकंच तारखेचं महत्त्व वाटतं. 2023 मध्ये 30 ऑक्टोबरला आदेश निघाला: मुळेतून 2.10, भंडारदरा-निळवंडे असलेल्या प्रवरा समूहातून 3.36, गंगापूरमधून 0.5 आणि गोदावरी-दारणा समूहातून 2.643, एकूण 8.603 टीएमसी. नंतर आंदोलनं झाली, कोर्टकचेऱ्या झाल्या. पाणी सुटलं ते नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात.

हा जवळजवळ महिना नदीच्या पात्रात काय करतो? ऑक्टोबरच्या मध्यात काठांतून पाझर अजून चालू असतो, वाळू ओली असते. वरून आलेलं पाणी तिच्यावरून पुढे सरकतं. महिनाभराने तीच वाळू कोरडी पडते. मग सुटलेल्या पाण्याची पहिली धार जिभेसारखी पुढे येते, एकेका डोहाशी थांबते, तो भरला की पुढचा. वाटेत फळ्या घालून पाणी अडवणारे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे असतात. त्यांच्या फळ्या काढलेल्या नसतील तर पाणी तिथेच तुंबतं. काठावरच्या मोटारी चालू राहिल्या तर आणखी कमी होतं. म्हणून पाणी सोडताना फळ्या काढणं आणि नदीकाठची वीज तोडणं हाही नियोजनाचाच भाग असतो. वरच्या धरणाने सोडलेलं आणि नाथसागरात पडलेलं पाणी हे दोन वेगळे आकडे आहेत, आणि मधली घट दिवसागणिक वाढते. ती ना नाशिकच्या द्राक्षबागेला मिळते, ना मराठवाड्याच्या रब्बीला. दोघांचंही नुकसान करणारा हा उशीर मला पाणीवाटपाच्या वादातला सर्वांत दुःखद भाग वाटतो.

पोहोचलेलं पाणीही बसून राहत नाही. पसरट, उथळ नाथसागर भरलेला असताना पृष्ठभागावरून नुसता एक मिलिमीटर उडाला तरी 35 कोटी लिटर जातं. उन्हाळ्यात एका दिवसात त्याच्या कित्येक पट थर उडतो. उन्हाळ्यासाठी राखलेल्या पाण्यातून ही वजाबाकी आधीच करावी लागते.

मग कालवा सल्लागार समिती बसते आणि रब्बीला किती पाळ्या ते ठरतं. टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याचे कान त्या एका आकड्याकडे लागलेले असतात. एक-दोन पाळ्या मिळणार असतील तर हरभरा, पाच-सहाची खात्री असेल तरच गहू. बागायती गव्हाची वेळेवर पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात होते, त्यानंतर उतारा घटत जातो. 2023 मध्ये वरच्या धरणांची दारं उघडली तेव्हा तो पंधरवडा उलटून गेला होता.