टोचलेले डुक्कर आणि शेजारचे डुक्कर

मे २०२५ मध्ये जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या पॅरिसमधल्या वार्षिक सभेत आफ्रिकन स्वाइन फीव्हर या डुकरांच्या जीवघेण्या रोगाच्या लशींसाठी पहिले आंतरराष्ट्रीय निकष मंजूर झाले. हा रोग शास्त्रीय नोंदीत आला तो १९२१ साली, केनियात काम करणाऱ्या माँटगोमेरी या पशुवैद्यकाच्या लेखातून. मधे १०४ वर्षे गेली. लस बनवणेच अवघड होते, हे त्यामागचे एक कारण. हाती आलेली लस डुकरांच्या चालत्या फार्मवर निर्धोक आहे हे ठरवायचे कसे, हा दुसरा अडसर, आणि त्याची गोष्ट या एका रोगापेक्षा बरीच जुनी आहे.

माणसांच्या लशीबाबत आपला पहिला प्रश्न असतो, ज्याला टोचली त्याला काही त्रास झाला का? डुकरांच्या शेडमध्ये एवढ्यावर भागत नाही. तिथे एकाच खणात वीस-पंचवीस जनावरे अंगाला अंग लावून झोपतात, एकाच नळाला तोंड लावतात, एकमेकांच्या विष्ठेत लोळतात. लशीतला जिवंत विषाणू टोचलेल्या डुकरातून न टोचलेल्यात गेला तर? गाभण डुकरिणीच्या पोटातल्या पिल्लांपर्यंत पोचला तर? चार-पाच डुकरांतून फिरता फिरता त्याने आपली मूळ ताकद परत मिळवली तर? हे तिन्ही प्रश्न आज चाचणीच्या नियमांत लिहिलेले आहेत, आणि प्रत्येकाच्या मागे कुठल्या तरी देशात मेलेली डुकरे आहेत.

सुरुवात अमेरिकेतल्या आयोवापासून करायला हवी. हॉग कॉलरा, म्हणजे ज्याला आज क्लासिकल स्वाइन फीव्हर म्हणतात, तो रोग तिथे एकोणिसाव्या शतकापासून मुक्काम ठोकून होता. (आफ्रिकन स्वाइन फीव्हरशी त्याचे नाव आणि लक्षणे जुळतात, विषाणू मात्र पूर्ण वेगळा.) अमेरिकी कृषी खात्यातल्या मॅरियन डॉर्सेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो विषाणूमुळे होतो हे दाखवले आणि १९०७ मध्ये एम्स गावाच्या परिसरातल्या शेतकऱ्यांच्या कळपांवर एक उपाय करून पाहिला. रोगातून वाचलेल्या डुकराच्या रक्तातला सिरम, म्हणजे रोगाशी लढणारे घटक असलेला रक्तद्रव, आणि खराखुरा, जराही क्षीण न केलेला विषाणू, दोन्ही एकाच वेळी टोचायचे. सिरम डुकराला जगवतो, विषाणू त्याला कायमची प्रतिकारशक्ती देतो. उपाय चालला, आणि खूप चालला. पण सिरम कमी ताकदीचा निघाला तर टोचणाराच रोग देऊन जाई, आणि सिरम चांगला असला तरी टोचलेले डुक्कर काही दिवस विषाणू बाहेर टाकत राही. मागणी वाढली तशी सिरम विकणारे वाढले. कोणाच्या बाटलीत काय आहे हे पाहायला कोणी नव्हते.

४ मार्च १९१३ रोजी अमेरिकेत ‘व्हायरस-सिरम-टॉक्सिन’ कायदा झाला. निकामी, दूषित, धोकादायक किंवा अपायकारक लशी आणि सिरम विकायला त्याने बंदी केली, उत्पादकांना परवाना सक्तीचा केला. जनावरांच्या लशींवरचे अमेरिकेतले नियंत्रण आजही याच कायद्यावर उभे आहे. शेतकऱ्याच्या डुकरांच्या रक्षणासाठी संसदेला कायदा करावा लागला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

पुढे क्षीण केलेल्या जिवंत विषाणूंच्या लशी आल्या. त्या आधीच्या पद्धतीपेक्षा कितीतरी बऱ्या होत्या, पण १९५० च्या दशकात दिसू लागले की गाभण डुकरिणींना अशी लस टोचली की काही पिल्ले मेलेली जन्मतात, काहींच्या अंगाला जन्मतः थरथर असते. डुकरीण स्वतः ठणठणीत. टोचलेल्या जनावरालाच न्याहाळत बसणाऱ्याला यातले काहीच दिसले नसते. अमेरिकेने शेवटी लस हळूहळू बंद करून रोगाचे उच्चाटन केले आणि १९७८ मध्ये देश हॉग कॉलरामुक्त जाहीर झाला.

सर्वांत कडू धडा मात्र पोर्तुगालचा.

१९५७ मध्ये आफ्रिकन स्वाइन फीव्हर आफ्रिकेबाहेर पहिल्यांदा उतरला तो लिस्बनजवळ. विमानातले उरलेले खरकटे विमानतळालगतच्या डुकरांना घातले गेले होते. कळप मारून तो उद्रेक आटोक्यात आणला, पण १९६० मध्ये रोग परतला आणि त्याच वर्षी स्पेनमध्ये शिरला. दोन्ही देशांत डुक्कर हे गरीब शेतकऱ्याचे वर्षाचे मांस आणि गाठीची रोकड. लस हवीच होती, आणि ती ताबडतोब हवी होती. हा विषाणू आकाराने मोठा, गुंतागुंतीचा. तो प्रतिकारशक्तीच्या पेशींतच घर करतो, आणि मारलेल्या विषाणूची लस त्याच्यावर चालत नाही. मग प्रयोगशाळेत पेशींवर पुन्हा पुन्हा वाढवून क्षीण केलेला जिवंत विषाणू वापरायचे ठरले. पोर्तुगालमध्ये १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला साडेपाच लाखांच्या घरात डुकरे टोचली गेली.

आधीच्या लहान चाचण्यांत डुकरे तगली होती. शेतात गेल्यावर काही आठवड्यांनी चित्र पालटले. न्यूमोनिया, सुजलेले सांधे, लंगडणे, कातडीवरचे व्रण, गाभडणाऱ्या डुकरिणी, आणि मृत्यू. लाखाहून अधिक जनावरांत असे परिणाम नोंदले गेले. जी वरवर बरी दिसत होती त्यांतली काही विषाणू अंगात बाळगून होती आणि रोग पुढे नेत होती. तीव्र रोग निदान दिसतो, डुक्कर मरते, शेतकरी हाक मारतो. लशीतून आलेला हा मंद, रेंगाळणारा रोग गोठ्यात महिनोन् महिने लपून राहिला. लस मागे घेतली गेली. इबेरियातून, म्हणजे पोर्तुगाल आणि स्पेनमधून, हा रोग हटवायला १९९० चे दशक मध्यावर यावे लागले, आणि तो हटला तो लशीविना: रक्ततपासणी, कळप मारणे, भरपाई आणि शेडची सुधारणा यांवर.

त्यानंतर कित्येक दशके या रोगाच्या जिवंत लशीचे नाव काढले की जाणते पशुवैद्यक पोर्तुगालचे नाव घेत. काहींना तो भित्रेपणा वाटे. मला ती आठवण जपणे योग्यच वाटते.

तिसरा प्रसंग डेन्मार्कचा, आणि तो अलीकडचा असल्याने जास्त बोचतो. डुकरांच्या वीणीचा आणि श्वसनाचा एक रोग आहे, पीआरआरएस. त्याच्या विषाणूचे दोन वंश, एक युरोपी आणि एक अमेरिकी. डेन्मार्कमध्ये फक्त युरोपी वंश होता. जुलै १९९६ मध्ये अमेरिकी वंशापासून बनवलेली जिवंत लस तिथल्या रोगग्रस्त कळपांत वापरायला सुरुवात झाली. थोड्याच महिन्यांत कळपांतल्या न टोचलेल्या डुकरिणी गाभडू लागल्या, आणि मेलेल्या पिल्लांत सापडला तो लशीतला विषाणू. तो पसरला होता आणि पसरताना बदलला होता. पुढे जनुकीय अभ्यासातून दिसले की वेगवेगळ्या कळपांत तो मूळ, रोगकारक रूपाकडे तेच ते बदल करत परतला होता. ज्या देशात अमेरिकी वंश नव्हता तिथे तो लशीच्या सुईतून आला. २०१९ मध्ये त्याच देशात आणखी एक धक्का बसला: नर डुकरांच्या एका वीर्यकेंद्रात जो नवा विषाणू सापडला, तो दोन निरनिराळ्या लशींतल्या विषाणूंच्या संकरातून झाला होता. दोन्ही लशी आपापल्या चाचण्यांत उत्तीर्ण झालेल्या. एका देशातल्या कळपांत त्या एकमेकींना भेटतील, हे कोणत्याच एका लशीच्या चाचणीत बसत नाही.

आजचे नियम या अनुभवांतून घडले. युरोप, अमेरिका आणि जपान यांनी मिळून ठरवलेल्या ‘व्हीआयसीएच’ मार्गदर्शिकांत जिवंत लशीसाठी दोन कसोट्या मध्यवर्ती आहेत. पहिलीत ठरलेल्या कमाल मात्रेच्या दहापट मात्रा देऊन डुकराला काय होते ते पाहतात. दुसरीत लशीचा विषाणू एका डुकराच्या गटातून काढून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असा पाच गटांतून नेतात आणि शेवटी तो पुन्हा उग्र झाला का ते तपासतात. हे सारे बंदिस्त, नियंत्रित जागेत. मग खरी परीक्षा व्यावसायिक फार्मवर. एकाच वयाच्या, एकाच शेडमधल्या डुकरांच्या कानात बिल्ले अडकवून काहींना लस, काहींना नुसते लशीविना द्रावण देतात. कोणाला काय दिले हे निरीक्षण करणाऱ्याला सांगत नाहीत. टोचण्याआधी आणि नंतरचे काही दिवस गुदद्वारातले तापमान, मानेवरच्या टोचलेल्या जागेची गाठ, खाणे, वजन, मरतूक, मेलेल्या प्रत्येकाचे शवविच्छेदन. लस गाभण डुकरिणींसाठी असेल तर वीण होईपर्यंत थांबून जिवंत, मेलेली, अशक्त पिल्ले मोजतात.

फार्मवरच का? तिथे धूळ असते, अमोनियाचा वास असतो, उकाडा असतो, आधीचे जंतू असतात, माणसांची घाई असते. प्रयोगशाळेतल्या निर्जंतुक डुकराला जी लस सोसते ती पीआरआरएस आधीच अंगात असलेल्या डुकराला सोसेल, असे गृहीत धरता येत नाही.

हा सगळा भूतकाळ व्हिएतनाममध्ये वर्तमान झाला. आफ्रिकन स्वाइन फीव्हर २००७ मध्ये जॉर्जियात, ऑगस्ट २०१८ मध्ये चीनमध्ये आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये व्हिएतनाममध्ये पोचला. त्या एका वर्षात व्हिएतनामने साठ लाखांच्या आसपास डुकरे गमावली. दरम्यान अमेरिकी कृषी खात्याच्या प्लम आयलंड केंद्रातल्या डग्लस ग्लॅड्यू आणि मॅन्युएल बोर्का यांच्या गटाने जॉर्जियातल्या विषाणूतले ‘आय१७७एल’ हे एक जनुक काढून टाकून लशीचा विषाणू तयार केला आणि २०२० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. व्हिएतनामच्या नावेटको कंपनीने त्यावर लस बनवली, आणि २०२२ च्या जूनच्या सुरुवातीला तिच्या परवान्याची घोषणा झाली. या रोगाविरुद्धची व्यापारी वापराची ही जगातली पहिली लस. आनंद मोठा होता, आणि समजण्यासारखा होता.

परवाना मर्यादित होता: आठ ते दहा आठवड्यांची निरोगी, मांसासाठी वाढवलेली डुकरे, पशुवैद्यकीय देखरेखीखाली, ठरावीक फार्मवर. ऑगस्टमध्ये फू येनसारख्या मध्य किनाऱ्यावरच्या प्रांतांतून टोचलेली डुकरे मेल्याच्या बातम्या आल्या आणि सरकारने वापर थांबवला. सूचनांबाहेर जाऊन वापर झाल्याचे अधिकाऱ्यांनी सांगितले. हे खरे धरले तरी एक गोष्ट उरते. ज्याच्या शेजारच्या शेडमध्ये रोज डुकरे मरत आहेत, तो हाती आलेली लस फक्त दहा आठवड्यांच्या पिल्लांना टोचून डुकरिणींना तशीच ठेवील का? चुकीचा वापर हा फार्मच्या वास्तवाचाच भाग आहे, आणि लस किती चूक सोसू शकते हेही तिच्या सुरक्षिततेत मोजायला हवे. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात याच ‘आय१७७एल’ वगळलेल्या विषाणूने डुकरांतून फिरताना उग्रता परत मिळवल्याचे आणि डुकरिणींच्या प्रजननावर वाईट परिणाम केल्याचे नोंदले आहे. पोर्तुगाल आणि डेन्मार्क, दोन्हींची आठवण एकदम करून देणारा निष्कर्ष.

व्हिएतनामच्या दुसऱ्या एका कंपनीची, वेगळी जनुके काढलेली लस आधी नियंत्रित वापरात अजमावली गेली आणि जुलै २०२३ मध्ये तिला देशभर परवानगी मिळाली. फिलिपिन्सने ऑगस्ट २०२४ मध्ये बातांगास प्रांतातल्या लोबो गावापासून सरकारी देखरेखीखाली टोचणी सुरू केली. परवान्याच्या वाटेला न जाणाऱ्यांनी काय केले ते चीनमध्ये दिसले: २०२१ च्या सुरुवातीला तिथल्या फार्मवर एक-दोन ठरावीक जनुके नसलेले विषाणू सापडले, आणि बेकायदा लशींवर संशय गेला. डुकरे लगेच मरत नव्हती, डुकरिणींची वीण बिघडत होती. साठ वर्षांपूर्वीच्या पोर्तुगालमधल्यासारखाच मंद, रेंगाळणारा रोग. निकृष्ट लशींबाबत जागतिक पशुआरोग्य संघटनेने २०२३ मध्ये दिलेला इशारा आणि २०२५ चे निकष या पार्श्वभूमीवर वाचायचे.

भारतात हा रोग २०२० मध्ये आसाम आणि अरुणाचलात शिरला. भोपाळच्या अतिसुरक्षित पशुरोग संस्थेने निदान पक्के केले. क्लासिकल स्वाइन फीव्हर आपल्याकडे कितीतरी जुना. त्यासाठी १९६४ पासून सशांत वाढवलेल्या विषाणूची लस वापरात होती. एका सशाच्या प्लीहेतून जेमतेम ५० मात्रा निघत, त्यामुळे वर्षाला २ कोटी २० लाख मात्रांची गरज असताना १२ लाखच बनत. बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेने स्थानिक विषाणूपासून पेशींवर वाढवलेली लस फेब्रुवारी २०२० मध्ये आणली. ती पुन्हा उग्र होत नाही, हे तिच्याबद्दल आवर्जून सांगितले गेले. हे वाक्य का लागते, ते वर आलेच आहे.

आपल्याकडची बहुतेक डुकरे व्यावसायिक फार्मवर नाहीत. आसामात ती घरामागच्या बांबूच्या खुराड्यात असतात, महाराष्ट्रात वडार आणि कैकाडी वस्त्यांभोवती, गोव्यात परसात. कानात बिल्ला नाही, जन्मतारीख लिहिलेली नाही, डुकरीण गाभण आहे की नाही हे नजरेने ओळखायचे. तिथे आठ आठवड्यांची पिल्ले आणि त्यांची आई एकाच खुराड्यात झोपतात. त्यांतल्या कोणालाही टोचली, तरी त्या रात्री लशीचा विषाणू दोघांच्याही मधे असणार.